बाळंतिणीचे रक्त आणि आपली जबाबदारी
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही बुजुर्गांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, हा तर बायकांचा विषय. पुरुषांच्या सभेत कशाला?" मी त्यांना अदबीने म्हणालो, "चाचा, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे की नाही हे आपल्या घरात कोण ठरवतो?" ते हसले आणि पुढच्या रांगेत येऊन बसले. जे सभेला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी हा मजकूर स्मरणिकेत छापला जात आहे. वाचकहो, तुम्हीही पुढच्या रांगेत बसला आहात असे समजूनच मी बोलतो.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. मग या विषयात मी का शिरलो? त्याला दोन कारणे घडली. एक माझ्या घरात आणि एक माझ्या वर्गात.

वर्गातले आधी सांगतो. भातकापणीच्या दिवसांत नववीतली एक मुलगी बोटाला चिंधी बांधून आली. विळा लागला होता. तिने विचारले, "सर, बाहेर आलेले रक्त दोन-चार मिनिटांत गोठते. मग अंगातले रक्त का गोठत नाही?" मी निरुत्तर झालो. विज्ञानाच्या सरांना विचारले, पुस्तके चाळली. आणि मग मला कळले की या पोरीच्या प्रश्नातच माझ्या आपाच्या दुखण्याचे उत्तर दडले होते.

आता घरातले कारण. काही वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सिझेरियन झाले, मुलगा झाला, छटीला मिठाई वाटली. मग रिवाजाप्रमाणे चिल्ला सुरू झाला. खोलीचे दार बंद, अंगावर गोधडी, उठायचे नाही, चालायचे नाही, पाणी घोट-घोटच प्यायचे. बाराव्या दिवशी आपाचा डावा पाय मांडीपासून सुजला. पोटरीला हात लावू देईना. नानी म्हणाली, वारे भरले आहे. तेल गरम झाले, दाई आली, पाय चोळून झाला. मी, घरातला शिकलेला माणूस, काय म्हणालो? "बाळंतपणात पाय सुजतातच." दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका नर्सबाईंनी पाय पाहिला आणि त्या माझ्यावर ओरडल्या, "मास्तर, एकच पाय सुजला आहे, दिसत नाही का? चोळणे बंद करा आणि आत्ता गाडी बोलवा." नाशिकला सोनोग्राफी झाली. मांडीच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी बसली होती. डॉक्टर म्हणाले, चोळताना तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता तर बाई घरी परतली नसती. अल्लाहच्या मेहरबानीने आपा वाचली. पण ते दोन दिवस माझ्या खात्यावर जमा आहेत. ते फेडण्यासाठी मी आज उभा आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या रक्तात दोन प्रकारचे कामगार असतात. एक गोठवणारे आणि दुसरे गोठणे आवरणारे. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे पाहा. त्याच्या पायाशी वेग देणारे पेडलही असते आणि ब्रेकही असतो. घाटात दोन्ही लागतात. गोठवणारे घटक नसतील तर विळ्याच्या जखमेनेही माणूस जाईल, आणि आवरणारे नसतील तर धडधाकट माणसाच्या शिरेत रक्त थिजेल.

या आवरणाऱ्यांपैकी तीन नावे लक्षात ठेवा. पहिले अँटिथ्रॉम्बिन. रक्त गोठवणारा मुख्य घटक म्हणजे थ्रॉम्बिन, त्याला हे सरळ पकडून निकामी करते. हे ज्यांच्यात जन्मतः कमी असते त्यांना गुठळ्या होतात, हे नॉर्वेच्या ओलाव एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये एका कुटुंबात दाखवले. दुसरे प्रोटीन सी. स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी १९७६ मध्ये त्याचे वर्णन केले. रक्त वेगळे करताना जो तिसरा भाग निघाला त्याला ए, बी, सी या क्रमाने सी म्हटले, म्हणून हे नाव. तिसरे प्रोटीन एस. ते अमेरिकेतील सिएटल शहरात सापडले, म्हणून शहराच्या आद्याक्षरावरून एस. प्रोटीन सी जागे झाले की प्रोटीन एसच्या मदतीने गोठवणाऱ्या दोन घटकांचे तुकडे करते. सी म्हणजे कारागीर आणि एस म्हणजे त्याचा जोडीदार समजा. जोडीदार नसेल तर कारागिराचे काम अडते.

आता पाहा, बाई गरोदर राहिली की काय होते. पहिल्या तीन महिन्यांपासूनच प्रोटीन एस कमी होऊ लागते. त्याचा जो भाग मोकळा राहून काम करतो, तो पुढे नेहमीच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली जातो. प्रोटीन सी जवळजवळ तेवढेच राहते, पण जोडीदाराविना त्याचा जोर पडत नाही. अँटिथ्रॉम्बिन फारसे बदलत नाही. प्रसूतीनंतर पहिल्या अर्ध्या दिवसात ते खाली येते आणि तीनेक दिवसांत पूर्ववत होते. दुसरीकडे गोठवणारे घटक वाढतात. गुठळीचे जाळे ज्याच्यापासून विणले जाते ते फायब्रिनोजेन एरवी १०० मिलिलिटर रक्तात २०० ते ४०० मिलिग्रॅम असते, ते दिवस भरत आले की ४०० ते ६०० पर्यंत पोहोचते. झालेली गुठळी विरघळवण्याची शक्तीही मंदावते. म्हणजे वेग वाढला आणि ब्रेकवरचा पाय सैल झाला.

हा रोग आहे काय? मुळीच नाही. ही तयारी आहे. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. बाळ आले, वार सुटली की त्या जागी उघड्या रक्तवाहिन्या राहतात. तेवढ्या वेगाने रक्त वाहत राहिले तर दहा मिनिटांत सारा खेळ संपेल. म्हणून गर्भाशय आवळून त्या वाहिन्यांची तोंडे दाबते आणि रक्त लगेच गोठून उरलेली भोके बुजवते. निर्माणकर्त्याने आईच्या अंगात नऊ महिने आधीपासून हा बंदोबस्त केलेला असतो. घाटात बंधारा बांधणारे इंजिनिअरही पावसाची एवढी आधी तयारी करीत नाहीत.

पण बंधू-भगिनींनो, प्रत्येक बंदोबस्ताची किंमत असते. गोठण्याकडे झुकलेले हे रक्त प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी मूळपदावर येत नाही. प्रोटीन एस सावरायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून शिरेत गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात एरवीच्या चार-पाच पट असतो आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो आणखी वाढतो. घाबरू नका, हजार गरोदर बायकांत एक-दोघींनाच हा त्रास होतो. पण त्या एक-दोघी कोणाच्या तरी बहिणी असतात. सिझेरियन झालेली, अंगाने जड, पस्तिशी ओलांडलेली, आधी गुठळी झालेली किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली बाई असेल तर धोका अधिक. आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत सिकल सेलचा आजार आढळतो, त्या आजारातही रक्त अधिक गोठते. म्हणून ती तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणी करून घ्यावी.

१८५६ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी फुप्फुसात जाऊन अडकणाऱ्या गुठळ्यांवर लिहिले. त्या विचारातून गुठळीची तीन कारणे आजही शिकवली जातात: रक्ताचा प्रवाह मंद होणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्तच गोठण्याकडे झुकणे. आता आपल्या बंद खोलीकडे पाहा. रक्त आधीच झुकलेले आहे. प्रसूतीत रक्तवाहिन्यांना इजा झालेली आहे. उरलेले तिसरे कारण, प्रवाह मंद करणे, ते आपण प्रेमापोटी स्वतःच्या हाताने पुरवतो. बाईला हलू देत नाही, पाणी पिऊ देत नाही, वर गोधडी घालून घाम काढतो.

चिल्ल्याचा किंवा आपल्या शेजारच्या घरांतील सव्वा महिन्याचा मी विरोधक नाही. त्या रिवाजामागे शहाणपण आहे. शेतावर, चुलीवर, विहिरीवर राबणाऱ्या बाईला एरवी विश्रांती कोण देतो? निफासच्या काळात तिला नमाज माफ आहे, रोजे पुढे करण्याची सवलत आहे. ती सवलत रहमत म्हणून आहे. पण तिने बिछान्यावरून उठू नये आणि तहानेने व्याकूळ व्हावे असा हुकूम कुठेही नाही. ती भर आपण घातली. चिल्ला ठेवा, पण तिला खोलीत, अंगणात चालू द्या आणि तहान लागेल तेवढे पाणी द्या. काम देऊ नका, चालणे द्या, इतकाच माझा आग्रह आहे.

पाण्याची गोष्ट किरकोळ समजू नका. गुठळी पायात होते तशी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांतही होते. आपल्या देशात बाळंतिणींमध्ये हे दुखणे बरेच आढळते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी १९८० च्या दशकापासून त्यावर लिहिले आहे. डोके असह्य दुखते, दिसणे अंधूक होते, एका बाजूचा हात लुळा पडतो, झटके येतात. आणि आपण काय म्हणतो? बाहेरची हवा लागली. तावीज बांधतो, उतारा करतो. दुआ जरूर मागावी, पण गाडीत बसून मागावी. बाळंतिणीचे झटके म्हणजे दवाखाना, दुसरा विचार नाही.

आता आपल्या भागाचा दुसरा चेहरा पाहू. इथे रक्त गोठण्यापेक्षा रक्त वाहून जाण्याचे दुःख मोठे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडीत एका आदिवासी भगिनीची घरीच अवेळी प्रसूती झाली. जुळी बाळे गेली. तिला रक्तस्राव होत होता आणि पाड्याला रस्ता नव्हता. लोकांनी चादरीची झोळी करून भर पावसात, निसरड्या उतारावरून सुमारे ३ किलोमीटर तिला मुख्य रस्त्यापर्यंत नेले. ती बातमी देशभर वाचली गेली. आपण इथे राहतो, आपल्याला ती वाचावी लागली नाही.

तुम्ही विचाराल, सर, निसर्गाने एवढी तयारी केली असताना बाई रक्त वाहून का दगावते? कारण त्या तयारीला भांडवल लागते. गर्भाशयाने आवळले पाहिजे आणि अंगात रक्त असले पाहिजे. जी बाई आधीच फिकट आहे, नाचणीच्या भाकरीला कोरड्यास मिळाले तर मिळाले अशा घरातली आहे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन ओझी उचलते, तिला थोडा रक्तस्रावही पेलत नाही. धडधाकट बाई अर्धा लिटर रक्त गेले तरी उठून बसते. फिकट बाई तेवढ्याने कोसळते.

या प्रश्नाशी आपल्या समाजाचा एक जुना संबंध आहे, तो फारसा कोणाला माहीत नसतो. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. गिरणगावातील गरोदर बायका रक्तक्षयाने का मरतात याचा शोध त्यांना घ्यायचा होता. त्यांना आढळले की गरीब मुस्लिम बायकांत हा रोग फार, आणि त्यांच्या ताटात भाजी, फळे, प्रथिने फार कमी. त्यांनी यीस्टपासून बनलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ देऊन पाहिला आणि बायका सुधारल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आज आरोग्यसेविका गरोदर बाईला लोहाबरोबर फॉलिक अॅसिडची जी गोळी देते, तिच्या मागे मुंबईच्या आपल्याच गरीब माता-भगिनींचे रक्त तपासलेले आहे. ती गोळी "गरम पडते" म्हणून फळीवर ठेवून देणे ही त्यांच्याशी बेइमानी आहे, असे मला वाटते.

आता आपाच्या कहाणीचा उरलेला भाग सांगतो, कारण त्यात आजच्या विषयाचा गाभा आहे. दवाखान्यात असताना कोणीतरी तिच्या रक्ताची प्रोटीन एसची तपासणी केली. अहवाल आला, "कमी". तो कागद सासरी पोहोचला आणि कुजबुज सुरू झाली. हिच्या रक्तातच दोष आहे, मुलालाही लागेल, आम्हाला आधी का सांगितले नाही. आपा रात्रभर रडायची. औषधे संपल्यावर काही आठवडे थांबून एका जाणत्या डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करवली. प्रोटीन एस अगदी ठीक निघाले. ते म्हणाले, "बाळंतिणीचे प्रोटीन एस कमी येणारच. त्या दिवसांत तपासून दोष ठरवणे म्हणजे रमजानच्या दुपारी माणसाचे पोट रिकामे आहे म्हणून त्याला उपासमारीचा रोगी ठरवणे." वाचकहो, हे वाक्य घरी सांगा. गरोदरपणात आणि प्रसूतीनंतरच्या निदान सहा आठवड्यांत प्रोटीन एस कमी आले म्हणून बाई दोषी ठरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांनीही प्रोटीन सी आणि एस कमी दिसतात. तपासणीची वेळ डॉक्टरांना विचारा. आणि समजा खरोखरच जन्मजात कमतरता निघाली, तरी ती आई आणि बाप दोघांकडूनही येते, तिला उपाय आहे आणि त्यात कोणाचा गुन्हा नाही.

एक नाजूक प्रश्न काही घरांत विचारला जातो. गुठळीवर दिले जाणारे हिपॅरिनचे इंजेक्शन बहुधा डुकराच्या आतड्यापासून तयार होते. मग ते घ्यावे काय? हिपॅरिन आपल्याच अँटिथ्रॉम्बिनला बळ देते, ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही, म्हणून गरोदर बाईसाठी ते महत्त्वाचे औषध आहे. जीव वाचवण्याची निकड असेल आणि दुसरा मार्ग हाताशी नसेल तर मनाई शिथिल होते, हा आपल्या फिकहचा जुना नियम आहे. कृत्रिमरीत्या बनवलेले एक औषधही आहे. ते चालेल काय हे डॉक्टरांना विचारावे. मौलवीसाहेबांनाही विचारावे. पण विचारत बसून इंजेक्शन थांबवू नये.

आता कामाच्या गोष्टी, विशेषतः पुरुषांसाठी.

पहिली, प्रसूती दवाखान्यातच व्हावी. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. १०८ आणि १०२ हे आकडे दारावर खडूने लिहून ठेवा. जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे कोणत्या टेकडीवर रेंज मिळते आणि कोणाची जीप आहे, हे सातव्या महिन्यातच ठरवा. नाशिक जव्हारपासून सुमारे ८० किलोमीटर आहे. घाट रात्री लांबतो.

दुसरी, सिझेरियन झालेली असो की साधी प्रसूती, डॉक्टरांनी परवानगी दिली की बाईला चालवा. निजलेली असतानाही पावले वर-खाली हलवायला सांगा. बाळंतिणीला घेऊन लांबचा प्रवास करायचा असेल तर वाटेत थांबून चार पावले चालवा.

तिसरी, या खुणा पाठ करा. एकच पाय सुजणे, विशेषतः डावा; पोटरी किंवा मांडी दुखणे, गरम लागणे; एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे; न थांबणारी डोकेदुखी, झटके; आणि अंगावरून जाणारे रक्त कमी होण्याऐवजी वाढणे. यांतली एकही दिसली की तेल नको, चोळणे नको, गाडी.

चौथी, आदिवासी भागातील अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी योजना २०१५ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. तिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आहे. आपल्या वस्तीतल्या आणि शेजारच्या पाड्यावरच्या हक्कदार बाईला ते ताट मिळते की नाही, याची चौकशी आपल्या तरुणांनी करावी. कलामसाहेबांच्या फोटोला हार घालण्यापेक्षा ते मोठे काम होईल.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी नर्स होईल. माझ्या आपाचा जीव एका नर्सबाईंच्या नजरेने वाचला, हे विसरू नका. मुलींनो, तुमच्यातल्या दोघी-चौघी जरी नर्सिंगला गेल्या आणि याच डोंगरात परत आल्या, तरी कित्येक चिल्ले सुखरूप पार पडतील. आणि पालकहो, त्या मुलीने विचारलेल्या एका प्रश्नाने तिच्या मास्तरला शिकवले. अशी मुलगी दहावीनंतर घरी बसवू नका. इल्म घरात येतो तो बहुधा मुलीच्या दप्तरातून येतो, असा माझा अनुभव आहे.

आपाचा तो मुलगा आता शाळेत जाऊ लागला आहे. ती कधी कधी मला चिडवते, "काय मास्तर, बाळंतपणात पाय सुजतातच ना?" मी मान खाली घालतो. तुमच्यावर ती वेळ न येवो, अल्लाह सर्व माता-भगिनींना सलामत ठेवो, एवढी दुआ करून मी माझे दोन शब्द संपवतो.

खुदा हाफिज.